जोतीरावांचं मृत्युपत्र आणि आपल्या गावाकडची जमीन



जून संपत आला की बहरीनमधली मराठी घरं रिकामी व्हायला लागतात. शाळांना सुट्टी, बाहेर पंचेचाळीसच्या पुढचं ऊन, आणि मुंबईच्या विमानात आपलीच गर्दी. गावी पोचल्यावर पहिले चार दिवस आंबे, पुरणपोळी, नातेवाईक. पाचव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी हळूच विषय काढतं, "त्या जमिनीचं काय करायचं ठरवलंय?" मग सगळे गप्प. आई ताटं उचलायला लागते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि आपण "पुढच्या वर्षी बघू" म्हणून परत येतो.

हा "पुढच्या वर्षी बघू" आपल्याकडे किती जुना आहे आणि त्याने कुणाचं काय झालं, याची ही गोष्ट. यातले बरेचसे प्रसंग तुमच्या ओळखीच्या माणसाच्या घरातले आहेत: महात्मा जोतीराव फुले. त्यांच्या शाळा, सत्यशोधक समाज, 'शेतकऱ्याचा असूड' हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं हे फार जणांना ठाऊक नसतं. माझ्या मते आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्या आईवडिलांनी तो कागद नीट समजून घ्यायला हवा.

आधी आजोबांच्या पिढीची गोष्ट

फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे आजोबा शेटिबा गाव सोडून पुण्याकडे आले. त्यांचे तीन मुलगे: राणोजी, कृष्णा आणि गोविंद. तिघांनी फुलांचा धंदा उचलला, पेशव्यांकडे फुलं, गजरे, हार पुरवायला लागले आणि लोक त्यांना 'फुले' म्हणू लागले. कामावर खूश होऊन पेशव्यांनी त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली.

तीन भावांच्या कष्टाची ही जमीन. पण चरित्रकार सांगतात की थोरल्या राणोजीने ती आपल्याकडे ठेवली आणि धाकट्या दोघांना बाजूला सारलं. धाकटा गोविंद म्हणजे जोतीरावांचे वडील. त्यांनी पुन्हा फुलं विकून आणि मळा करून संसार उभा केला.

यात खलनायक शोधायची गरज नाही. अशी गोष्ट जवळपास प्रत्येक गावात आहे. कर्ता माणूस थोरला, कचेरीत जाणारा थोरला, म्हणून नावही थोरल्याचं लागतं. "आपलंच आहे, नावाने काय फरक पडतो?" असं सगळे म्हणतात. फरक पडतो तो पुढे, सांगणारी माणसं गेल्यावर.

आपल्याकडे मृत्युपत्र का नव्हतं?

मुळात आपल्या शेतकरी घरात 'मृत्युपत्र' हा प्रकारच नव्हता. शब्द होता 'वाटणी'. याचं मूळ बाराव्या शतकाच्या सुमाराला कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिल्या गेलेल्या 'मिताक्षरा' या ग्रंथात सापडतं. तो लिहिणारा विज्ञानेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून असलेलं बिदर जिल्ह्यातलं गाव. मिताक्षरेचा नियम साधा होता: वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क त्याच्या जन्मापासूनच. बाप म्हणजे घराण्याच्या जमिनीचा राखणदार. जे एकट्याचं नाही ते एकट्याने कुणाला देऊन टाकणार कसं? म्हणून मृत्युपत्राला जागाच नव्हती. मुलं एकत्र राहायची किंवा पंच बसवून वाटण्या करायची.

या पद्धतीत एक चांगुलपणा होता. लहरी बाप रागाच्या भरात मुलाला रस्त्यावर आणू शकत नव्हता. पण दोन मोठ्या अडचणी होत्या. बायकांचं नाव वाटणीत जवळपास नव्हतंच. आणि वाटणी वेळेवर झाली नाही तर पुढे सगळं भावाभावांच्या ताकदीवर अवलंबून.

हे मोठ्या घरांनाही चुकलं नाही. शहाजीराजे १६६४ मध्ये वारले. दौलतीची वाटणी झालेली नव्हती. तेरा वर्षांनी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज दक्षिणेत गेले तेव्हा धाकट्या सावत्र भावाला, व्यंकोजीराजांना, भेटून वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा त्यांनी मागितला. बोलणी फिसकटली, लढाई झाली, आणि शेवटी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे समेट झाला. महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी मुलूख दिला. एवढी कर्तबगार माणसं, तरी वडिलांनी न सोडवलेला प्रश्न मुलांना सोडवावा लागलाच.

पिंपळे सौदागरचे तुकडे

वाटण्या झाल्या तरी सगळं सुखाचं होतं असं नाही. आपल्यापैकी काही जणांचे पिंपळे सौदागरला फ्लॅट आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांमुळे तिथे आज टॉवर उभे आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते साधं शेतीचं खेडं होतं आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी त्या गावाचा घरोघर, शेतोशेत अभ्यास केला.

त्यांना काय सापडलं? १७७१ मध्ये त्या गावात एका शेतकऱ्याकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये साडेसतरा एकर. १९१५ च्या सुमाराला ७ एकर. १५६ जमीनमालकांची शेती ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. एकाच माणसाचा एक तुकडा ओढ्याकाठी, दुसरा माळावर, तिसरा गावाच्या पलीकडे. कारण प्रत्येक वाटणीत प्रत्येक भावाला चांगल्या जमिनीतलाही हिस्सा हवा आणि वाईटातलाही. न्याय बरोबर, पण औत फिरवायला जागा उरली नाही.

म्हणून १९४७ मध्ये मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा आणला. आज तलाठी "एवढ्या गुंठ्यांचे तुकडे नोंदवता येत नाहीत" म्हणतो, त्याच्या मागे हा इतिहास आहे. समान वाटणी म्हणजे दरवेळी जमिनीचे समान तुकडे असं नाही, हे विचार करणाऱ्या माणसाला तेव्हाच दिसलं होतं. एकाला जमीन, दुसऱ्याला घर, तिसरीला पैसे अशी मांडणी कुणीतरी जिवंतपणी, विचारपूर्वक करावी लागते.

इंग्रजी अमलात कागद आला

मृत्युपत्राची पद्धत इंग्रजांच्या काळात रुळली. १८७० मध्ये हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी कायदा झाला, पण तो बंगालचा मुलूख आणि मुंबई, मद्रास या शहरांपुरता. पुण्यासारख्या मुंबईबाहेरच्या भागाला तो लागू नव्हता. म्हणजे तिथे तोंडी मृत्युपत्रही चालत असे. चार माणसांदेखत बोलून गेलात तरी कायद्याने ते ग्राह्य धरता येई. साक्षीदारांच्या सह्यांसह लेखी मृत्युपत्राची सक्ती सगळीकडच्या हिंदूंना लागू झाली ती १ जानेवारी १९२७ पासून.

दुसरी मर्यादा अशी की एकत्र कुटुंबातला आपला न वाटलेला हिस्सा मृत्युपत्राने देता येणार नाही. हे १८८० मध्ये मुंबई इलाख्यातल्याच एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने पक्कं केलं. देता येणार ती फक्त स्वतः कमावलेली मिळकत.

आता या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून १८८७ सालात या.

जुलै १८८७

जोतीराव तेव्हा साठ वर्षांचे होते. मांजरीच्या शिवारात शेती, बांधकामाची कंत्राटं, गंज पेठेतलं घर. त्यांनी कमावलेलं बरंचसं समाजकार्यात जात होतं. सावित्रीबाई आणि त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. १८६३ मध्ये त्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला १८७४ च्या सुमारास मुलगा झाला. तो यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. १८८७ मध्ये तो जेमतेम तेरा वर्षांचा.

जोतीराव काही न लिहिता गेले असते तर काय झालं असतं, हे तेव्हाच्या कायद्यावरून मांडून बघा. दत्तक मूल स्वजातीचंच हवं, असा त्या काळचा शास्त्राचा नियम. यशवंतचं दत्तकपण त्यामुळे कोर्टात टिकणं कठीण. दत्तक टिकलं नाही तर मिळकत विधवेकडे, म्हणजे सावित्रीबाईंकडे, पण फक्त त्यांच्या हयातीपुरती. त्यांच्या मागे सगळं भाऊबंदांकडे. ज्या मुलाला दोघांनी वाढवलं, शिकवलं, त्याच्या हातात काहीही नाही.

जातपात न मानता मूल घरात आणलं, पण कायदा जात मानतो, हे जोतीरावांना ठाऊक होतं. त्यांनी भावनेवर विसंबून न राहता मृत्युपत्र लिहिलं, १० जुलै १८८७ रोजी, आणि ते रीतसर नोंदवलं. लक्षात घ्या, पुण्यात तेव्हा लेखी कागदाची सक्तीही नव्हती. तरी त्यांनी लिहिलं. ज्यांच्या बापाच्या पिढीत ३५ एकर हातातून गेले, त्यांना कागदाची किंमत वेगळी शिकवावी लागत नव्हती.

त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, मिळकत सावित्रीबाई आणि यशवंत यांच्यासाठी. मुलगा लहान, म्हणून सांभाळ आईकडे. कोण कुणाचं, हे नावानिशी.

दुसरी गोष्ट आजही थक्क करते. यशवंत नालायक निघाला, शिकला सवरला नाही, तर माळी, कुणबी, धनगर अशा कष्टकरी जातींतला लायक मुलगा निवडून त्याला मिळकत द्यावी, असं त्यांनी लिहून ठेवलं. मुलावर माया आहे, पण मिळकतीबरोबर एक अपेक्षाही आहे. 'तुला देतोय, कशासाठी देतोय तेही ऐक' असा हा बाप.

तिसरी, आपल्या अंत्यविधीबद्दलची इच्छा. देह जाळू नये, मिठात पुरावा, असं त्यांना वाटत होतं. ही इच्छा पूर्ण झाली नाही, कारण वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. सगळ्या इच्छा कागदाने पुऱ्या होत नाहीत हेही इथे दिसतं.

आता तारीख पुन्हा बघा. जुलै १८८७. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. 'सार्वजनिक सत्यधर्म' हे शेवटचं पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. पुस्तक डाव्या हाताने लिहिता येतं, पण आजारपणात केलेल्या मृत्युपत्रावर पहिली शंका हीच येते: "शुद्धीत होते का? कुणी सही करून घेतली?" जोतीरावांच्या कागदावर ही शंका घ्यायला जागा नव्हती. तो धडधाकट असताना, उजव्या हाताने केलेला होता.

टिटवं कुणी धरायचं?

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी वाद उभा राहिला. पुढे टिटवं धरून चालणारा तोच वारस, अशी लोकांची समजूत. यशवंतने टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. आपल्याकडे वारसाहक्काचे वाद कोर्टात जायच्या आधी असे स्मशानाच्या वाटेवर सुरू होतात, हे तुम्ही गावी पाहिलं असेल.

तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं त्यांनी स्वतः हातात घेतलं आणि चालायला लागल्या. हा प्रसंग आपण त्यांच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो आणि ते धैर्य होतंच. पण मृत्युपत्राचा संदर्भ जोडला की त्याला आणखी एक अर्थ येतो. त्या दिवशी त्यांच्या पाठीशी नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी विचार करून केलेला कागदही होता.

यशवंत पुढे डॉक्टर झाला, सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेला. म्हणजे 'लायक निघाला तर' ही अट त्याने पुरी केली. १८९७ च्या प्लेगमध्ये आई आणि मुलगा हडपसरजवळ रोग्यांची सेवा करत होते. तिथेच लागण होऊन १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. मृत्युपत्र नसतं तर त्या दिवशी मिळकतीवर पहिला दावा भाऊबंदांचा ठरला असता.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. यशवंतच्या नंतर या घरावर फार हलाखीचे दिवस आले. मृत्युपत्र पुढच्या सगळ्या पिढ्यांची काळजी घेत नाही. ते एवढंच करतं की ज्याचा आवाज भाऊबंदांत सगळ्यात लहान आहे, त्याला बोलायला एक कागद देतं.

मग लेकींचं काय?

सावित्रीबाईंसारख्या विधवेला फक्त हयातीपुरतं, आणि लेकीला लग्नात दिलं तेवढंच, ही स्थिती पुढे सत्तर वर्षं टिकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला वाटा मांडला. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे होऊन जे कायदे झाले, त्यातला १९५६ चा हिंदू वारसा कायदा. त्याने विधवेची मालकी पूर्ण केली आणि मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला. त्यातच कलम ३० आलं: एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा आता मृत्युपत्राने देता येईल. १८८० चा अडसर गेला.

पण वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क अजून मुलाचाच होता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने तो सगळ्या मुलींना दिला. वडील त्या तारखेला हयात नसले तरी हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उलटवता येत नाहीत.

याचा अर्थ आपल्या घरासाठी दुहेरी आहे. तुम्ही भाऊ असाल तर गावी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना "ती कुठे काय मागतेय" असं म्हणून चालणार नाही. आधी तिला विचारा, आणि वकिलाकडून तिला समजावूनही द्या. तुम्ही बहीण असाल आणि मनाम्यात राहत असाल, तर व्हॉट्सअॅपवर आलेल्या कागदावर "दादाने सांगितलंय" म्हणून सही करू नका. वाचा. हक्क सोडायचा असेल तर समजून सोडा. माया टिकवायचा तोच मार्ग आहे.

इथल्या शेजाऱ्यांकडे बघा

बुदैय्याच्या रस्त्याने जाताना खजुराच्या बागा दिसतात. त्या बागांच्याही पिढ्यान्पिढ्या वाटण्या होत आल्या आहेत, पण नियम वेगळा. इस्लामी वारसा कायद्यात बायको, मुलगी, आई, मुलगा यांचे हिस्से ठरलेले आहेत. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज फेडून जे उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच माणूस मृत्युपत्राने देऊ शकतो. मुलीचा हिस्सा मुलापेक्षा कमी, पण आहे, आणि कुणाच्या लहरीवर अवलंबून नाही. आपल्याकडे सगळ्या लेकींना जन्माचा हक्क २००५ मध्ये मिळाला, हे तुलनेत लक्षात राहतं.

आपल्यात गोव्याचे कुणी असतील तर त्यांचं आणखी निराळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या पद्धतीनुसार मुलांसारख्या जवळच्या वारसांसाठी अर्धी मिळकत राखीव. उरलेल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं.

आणि आपल्या आधी इथे आलेले हिंदी व्यापारी? १९१९ पासून बहरीनमधल्या ब्रिटिश प्रजेचे, म्हणजे त्यांचेही, दावे मनाम्यातल्या पोलिटिकल एजंटच्या कोर्टात हिंदुस्थानी कायद्यांच्या आधारे चालायचे. १९६५ पर्यंत इथे व्यवहारही रुपयांतच होता. म्हणजे त्यांच्यासाठी घर आणि परदेश यांचे कायदे बरेचसे एकच होते. आपलं तसं नाही. भारतातल्या जमिनीला भारताचा कायदा. इथलं बँकेतलं खातं, नोकरीची शेवटची रक्कम यांचा प्रश्न वेगळा. त्यासाठी इथल्या वकिलाला विचारा. एकाच कागदात सगळं कोंबू नका.

आपण आज कुठे उभे आहोत?

परदेशातला मराठी माणूस या गोष्टीत दोन जागी असतो. गावाकडच्या वाटणीत तो गैरहजर भाऊ किंवा बहीण, म्हणजे फुल्यांच्या घरातल्या धाकट्यांसारखा. जमिनीवर पाय नाही, कचेरीत ओळख नाही, "तुला काय कमी आहे, तू तर दिनारात कमावतोस" हे ऐकायचं. आणि आपल्या मुलांसाठी तोच कर्ता बाप किंवा आई, म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंच्या जागी. पहिल्या जागेवरून तक्रार करताना दुसऱ्या जागेवरचं काम विसरतं.

आपली मुलं इथे शिकतात, मग कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. उद्या त्यांच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असेल. परदेशस्थ भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते. पुढे ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे जमीन त्यांच्याकडे येईल ती तुमच्यामुळेच. आणि ज्या सातबाऱ्यावर ती असेल तो मराठीत असेल, जो बहुतेक मुलांना वाचता येणार नाही. गट नंबर म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय, आठ-अ कशाला म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार?

मी वकील नाही. तरी इतिहासातून निघालेली कामं सांगतो. ती या सुट्टीत होण्यासारखी आहेत.

१. आधी कागद बघा. सातबारा आणि आठ-अ आता ऑनलाइन मिळतात. कुणाचं नाव आहे, आजोबांचं नाव अजून तसंच आहे का, वारसनोंद झाली आहे का, ते पाहा. फेरफार झाला नसेल तर मृत्युपत्र करूनही पुढे अडतं.

२. वडिलोपार्जित काय आणि स्वतः घेतलेलं काय, हे आईबाबांकडून समजून घ्या. वडिलांना मृत्युपत्र करता येतं ते स्वतः कमावलेल्याचं आणि आपल्या हिश्शाचं. मुलांमुलींचा जन्माचा हिस्सा त्यांना देऊन टाकता येत नाही.

३. हिंदूंच्या मृत्युपत्राला आजही साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. करणाऱ्याची सही आणि ती होताना पाहिलेले किमान दोन साक्षीदार हवेत. ज्यांना मिळकत मिळणार त्यांना साक्षीदार करू नका, म्हणजे शंकेला जागा राहत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण जोतीरावांनी केली होती. तुम्हीही करा.

४. आईबाबांना "मृत्युपत्र करा" असं सांगताना सगळी भावंडं समोर असू द्या. एकट्याने सांगितलं की ते दबाव वाटतं, आणि उद्या कोर्टातही दबावच म्हटलं जातं.

५. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा सांगितलं. खात्यावर बायकोचं नाव टाकलंय म्हणून निश्चिंत होऊ नका.

६. स्वतःचंही करा. इथे बसूनही भारतातल्या मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं. पुढे बदलताही येतं. शेवटचं ते खरं.

७. आणि कारण लिहा. हे कायद्यात सक्तीचं नाही, पण जोतीरावांकडून घेण्यासारखं हेच सगळ्यात मोठं आहे. "मोठ्याने गावी राहून आम्हाला सांभाळलं म्हणून विहिरीचं शेत त्याला. धाकटीच्या शिक्षणाला कमी पडलं होतं म्हणून फ्लॅट तिला." अशा दोन ओळींनी दोन घरांचं बोलणं टिकतं. कारण न सांगता दिलेला मोठा वाटाही पुढे भांडण लावतो, आणि कारण सांगून दिलेला लहान वाटाही माणूस सांभाळून घेतो.

मृत्युपत्राचा विषय काढणं म्हणजे अभद्र बोलणं, असं आपल्याकडे अजून वाटतं. जोतीरावांनी ते केल्यावर तीन वर्षं जगून एक पुस्तक लिहिलं आणि मुलाचं लग्नही लावलं. कागद केल्याने कुणी लवकर जात नाही. न केल्याने मागे राहिलेल्यांची आयुष्यं मात्र कोर्टाच्या तारखांत जातात.

तेव्हा मंडळी, या वर्षी पाचव्या दिवशी रात्री तो विषय निघाला तर टीव्हीचा आवाज कमी करा. आईलाही हाताला धरून बसवा, ताटं नंतर उचलू. आणि मुलांनाही तिथेच बसू द्या. समजलं नाही तरी ऐकू दे, शेताचं नाव तरी कानावर पडेल.

तुमच्या घरात वाटणी कशी झाली, आजोबांनी कागद केला होता का, आत्यांना विचारलं होतं का? नावं न घेता कमेंटमध्ये जरूर लिहा. आणि ज्याचे आईबाबा गावी एकटे आहेत अशा मित्रमैत्रिणीला ही पोस्ट पाठवा.

सुट्टी छान जावो. आंबे आमच्या वाटणीचेही खा.